रंजक, काडतूस आणि तेलाची बाटली

‘रंजक’ हा शब्द वर्गात येतो तो एकाच अर्थाने. रंजन करील ते रंजक. रंजक कथा, रंजक कादंबरी, आणि समीक्षकाने जरा नाक मुरडले तर ‘केवळ रंजक’. परंतु मोल्सवर्थचा कोश उघडला की याच उच्चाराचा आणखी एक शब्द भेटतो. त्याचा रंजनाशी काडीचाही संबंध नाही. बंदुकीच्या किंवा तोफेच्या कानाशी जी बारीक दारू ठेवायची, ती रंजक. बत्ती लागली की रंजक भुर्रकन पेटते, तिची ठिणगी कानातून आत शिरते आणि आतली ठासलेली दारू उडते. निदान उडावी अशी अपेक्षा असते. पुष्कळदा रंजक तेवढी पेटून जाई, धूर होई, आणि आतला बार जागच्या जागी राही. ‘फुसका बार’ हा आपला रोजच्या वापरातला शब्दप्रयोग अशाच अनुभवातून आलेला आहे. आज राजकीय घोषणांच्या बातमीत तो वापरणाऱ्या वार्ताहराला बंदूक डोळ्यांसमोर दिसत नसेल. पण ज्यांनी तो प्रथम वापरला त्यांच्या दृष्टीने फुसका बार हा अलंकार नव्हता, जिवाशी गाठ होती.

आमच्या विषयाचे मूळ एवढेच. इतिहास लिहिताना आपण माणसांच्या हेतूंचा विस्ताराने विचार करतो, विचारसरणींचा करतो, योगायोगाचाही करतो. हातातले हत्यार चालले की नाही, हा प्रश्न मात्र आपण शस्त्रागाराच्या कारकुनावर सोपवून देतो. वास्तविक न उडालेला बार हाही इतिहासाचा एक कर्ता आहे.

प्रथम तोड्याची बंदूक पाहू. तोडा म्हणजे मंद जळत राहणारी सुताची दोरी. ती सतत पेटती ठेवावी लागे, वाऱ्यापासून सांभाळावी लागे आणि रंजकीपासून दूर ठेवावी लागे. नाही तर बंदूकवाला स्वतःच भाजे. पावसात तोडा विझे आणि रंजक सादळे. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला निघत आणि पावसाळ्याआधी छावणीला परतत. त्याची कारणे सांगताना आपण नद्यांचे पूर आणि शेतीची कामे सांगतो, आणि ती खरीच आहेत. पण ओल्या दारूचे कारणही त्यांच्या जोडीला ठेवायला हवे. गड लढवताना तोफांच्या कानांत मेखा ठोकल्याचे जे उल्लेख बखरींच्या वाचकाला परिचित असतात, त्यांचा अर्थही या यंत्रणेतच आहे. तोफ फोडण्याची गरज नाही, उचलून नेण्याची नाही. तिचा कान बंद केला की ती मुकी होते.

या पार्श्वभूमीवर सातपुड्यातला तिरकामठा पाहिला म्हणजे तो निराळा दिसू लागतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे नर्मदाकाठचे गाव आपल्याला ठाऊक आहे ते सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव म्हणून, आणि १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणाऱ्या जाहीरनाम्याला ज्याचे नाव मिळाले ते गाव म्हणून. त्या खोऱ्यातल्या भिल्लांच्या हातातला तिरकामठा सभा-मोर्चांच्या छायाचित्रांत सर्वांनी पाहिलेला असतो. शहरी वाचक त्याच्याकडे अस्मितेचे चिन्ह म्हणून पाहतो, किंवा मागासलेपणाचे. आम्हांला वाटते, त्याच्या टिकून राहण्यामागे एक साधा हिशेबही आहे. बांबू डोंगरात मिळतो. दोरी तुटली तर दुसरी लावता येते, तीर वाकला तर विस्तवावर सरळ करता येतो. बिघाड काय आहे हे डोळ्यांना दिसते आणि तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे ते हत्यार वापरणाराच असतो. ठासणीच्या बंदुकीसाठी दारू आणि शिसे बाजारातून आणावे लागते, आणि ती बिघडली की लोहार गाठावा लागतो. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या डोंगरात विश्वासार्ह हत्यार कोणते, याचे उत्तर अवजाराच्या वयावर अवलंबून नसते.

खानदेशात १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि कंपनीची बंदूक त्यांच्या खांद्यावर दिली. पुढे तेहतीस वर्षांनी, ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यातल्या अंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या लोकांनी खडकांचा आडोसा घेऊन कंपनीच्या फौजेशी झुंज दिली. महिना एप्रिलचा होता. पाऊस नव्हता, दारू कोरडी होती.

त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट तर शाळकरी मुलालाही पाठ असते. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, अशी वार्ता पसरली आणि शिपाई बिथरले. धर्म आणि विटाळ यांवर पाने भरली जातात. चरबी मुळात का लावली होती, हे क्वचितच सांगितले जाते. एन्फील्ड बंदुकीच्या नळीला आतून पेचदार आटे होते. त्या आट्यांत गोळी घट्ट बसे म्हणून ती दूर आणि नेमकी जाई. पण काळी दारू जळून नळीत काजळीचा थर साचला की पुढची गोळी तोंडातून आत जाता जाईना. गोळी सहज उतरावी आणि काजळी मऊ राहावी, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण. म्हणजे नव्या बंदुकीतल्या एका तांत्रिक अडचणीवर काढलेला तो तांत्रिक उपाय होता, आणि तो काढणाऱ्यांना कागद दाताने फाडणाऱ्या माणसाचा विचार सुचला नाही. अडकणारी गोळी आणि पेटलेले राज्य यांच्यामधले अंतर इतके थोडे असू शकते.

आता खिशात मावणाऱ्या पिस्तुलाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि बेल्जियममध्ये लिएजजवळच्या कारखान्यात तयार होणारे स्वयंचलित पिस्तूल जगभर पसरले. लांबी वीतभरही नाही, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, मुठीत सात काडतुसांचे मॅगझिन. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. दिसायला छोटे, खिशात सपाट बसणारे आणि झपाट्याने चालणारे. युरोपातल्या गुप्त मंडळ्यांना ते का आवडले असेल, हे वेगळे सांगायला नको.

पण या सोयीची किंमत होती. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. स्वयंचलित पिस्तुलात प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या जोरावर चालते. एक फुसके निघाले की साखळी तुटते आणि हाताने सरकता भाग ओढून ते बाहेर काढावे लागते. दारूचा जोर कमी पडला तर पुंगळी अर्धवट अडकते. मॅगझिनच्या पत्र्याचे ओठ वाकले असतील तर काडतूस तिरपे चढते. एवढेच काय, चालवणाऱ्याने मनगट सैल धरले तरी सरकत्या भागाला रेटायला पक्का आधार मिळत नाही आणि तो पुरता मागे जात नाही. नवशिक्याला वाटते पिस्तूल बिघडले. दोष हत्याराचा, काडतुसाचा की हाताचा, हे ओळखायचा एकच मार्ग आहे. काडतुसे बदलून, मॅगझिन बदलून, माणूस बदलून, पुन्हा पुन्हा झाडून पाहायचे. सैनिकाला ते शक्य असते. कटवाल्याला नसते. त्याची काडतुसे मोजकी, आणि चाचणीचा प्रत्येक बार म्हणजे साऱ्या परिसराला दिलेली दवंडी. ज्याला हत्याराची खात्री सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती करून घेण्याची मुभा सर्वांत कमी असते. पुढच्या साऱ्या हकिकतीचा गाभा आम्हांला या अडचणीत दिसतो.

१९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात नमूद आहे की विनायक दामोदर सावरकरांनी फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसहून वीस नवी ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह मिळवली आणि चतुर्भुज अमीन याच्या सामानातल्या पेटीच्या चोरतळात दडवून ती मुंबईला धाडली. त्यांपैकी एक पिस्तूल २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याच्या हातात होते. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठेवलेला होता. जॅक्सन संस्कृतज्ञ, लोक त्यांना पंडित म्हणत. (मराठी रंगभूमीच्या इतिहासात या रात्रीचा उल्लेख येतो तो बहुधा ओझरता, आणि राजकीय इतिहासात नाटकाचे नाव ओझरते. दोन्ही अभ्यासकांनी एकमेकांची पुस्तके वाचायला हरकत नाही.)

आमच्या दृष्टीने लक्षणीय आहे ती त्या बेताची रचना. पहिला वार कान्हेरेने करायचा. तो फसला तर विनायक देशपांडे, तोही फसला तर कृष्णाजी कर्वे. एका हत्यारावर आणि एका मनावर विसंबून न राहता एकामागे एक तीन माणसे उभी केलेली. इतिहासकार याला निर्धार म्हणतात. आम्हांला त्यात अविश्वासाची कबुलीही दिसते. कुणाचा तरी बार फुसका निघेल, हे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात दुसऱ्याची वेळ आली नाही. पिस्तुलाने दगा दिला नाही, जॅक्सन ठार झाले, आणि जे दोघे राखीव होते तेही कान्हेरेबरोबर १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. पिस्तुले पुरवल्याच्या आरोपातून सावरकरांना १९११ च्या जानेवारीत दुसरी जन्मठेप झाली.

उलट उदाहरण पुण्याचे. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि हॉटसन वाचले. पुढे त्यांनी आत चिलखत घातले होते, अशी वदंता उठली. वदंतेला कारण आहे. बटणाने वाचलेला माणूस कथेत नीट बसत नाही, चिलखताने वाचलेला बसतो.

आता ज्या हकिकतीसाठी हे सर्व लिहायला घेतले तिच्याकडे येऊ. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येसाठी दिल्लीला निघालेल्या टोळीकडे हातबॉम्ब होते, स्फोटकाच्या वड्या होत्या. विश्वास ठेवावा असे छोटे हत्यार मात्र नव्हते. नथुराम गोडसेकडे एक लहान पिस्तूल होते. ते त्याने पुण्यात दिगंबर बडगे याच्याकडे दिले आणि त्याच्या बदल्यात मोठे रिव्हॉल्व्हर मिळवून द्यायला सांगितले. बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवीत असे. त्याने पूर्वी विकलेले एक रिव्हॉल्व्हर बदल्यात परत मिळवले. दुसरे गोपाळ गोडसेचे; तो खडकीच्या लष्करी वाहनांच्या सुट्या भागांच्या आगारात नोकरीला होता.

२० जानेवारीच्या सकाळी आपटे, गोपाळ, बडगे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या असे चौघे नवी दिल्लीतल्या हिंदु महासभा भवनामागच्या रानात गेले. दोन्ही रिव्हॉल्व्हरे त्यांना प्रथमच एकत्र तपासून पाहायची होती, आणि बेत त्याच संध्याकाळचा होता. पुढचे वर्णन माफीचा साक्षीदार झालेल्या बडगेच्या साक्षीतून आलेले आहे, आणि विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी ती साक्ष ग्राह्य मानली. गोपाळने आपले रिव्हॉल्व्हर काढले. त्याचे चक्र अडकले होते, हलेना. मग बडगेचे काढले. त्यात काडतुसे भरून शंकरला समोरच्या झाडावर नेम धरायला सांगितले. गोळी झाडापर्यंत पोचलीच नाही, मध्येच पडली. आपटे म्हणाला, हे निरुपयोगी आहे. गोपाळ म्हणाला, माझे मी दुरुस्त करतो. त्याने शंकरला भवनातून तेलाची बाटली आणि चाकू आणायला पिटाळले.

तेलाची बाटली आणि खिशातला चाकू. फाळणीने होरपळलेल्या देशाचे भवितव्य आपण बदलतो आहोत असे मानणारी माणसे हिवाळ्याच्या सकाळी एका झाडाखाली बसून गंजलेले चक्र खरवडीत आहेत. सातपुड्यातल्या माणसाला आपल्या कामठ्याची दोरी बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे काम होणारे नव्हते. तेवढ्यात तीन वनरक्षक तिथे आले. रिव्हॉल्व्हरे झाकण्यात आली, गोपाळने रक्षकांशी काही बोलणे केले आणि ते निघून गेले. मंडळी उठून परतली. चाचणी अपुरी, दुरुस्ती अपुरी. मरीना हॉटेलच्या चाळीस क्रमांकाच्या खोलीत, जिथे नथुराम आणि आपटे देशपांडे या खोट्या आडनावाने उतरले होते, गोपाळ पुन्हा दुरुस्तीला बसला. नथुराम डोके दुखते म्हणून पडून होता.

संध्याकाळी बिर्ला भवनात ठरल्याप्रमाणे मदनलाल पाहवाने स्फोट केला. बडगेने मात्र प्रार्थनास्थळामागच्या खोलीत शिरून जाळीतून गोळी झाडायला नकार दिला. त्या खोलीजवळ एक एकाक्ष माणूस बसलेला दिसला आणि आपण आत कोंडले जाऊ अशी भीती वाटली, असे त्याने न्यायालयात सांगितले. दोन्ही रिव्हॉल्व्हरे त्याने टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि टॅक्सीत ठेवून दिली. ती भीती खरी असणार. पण ज्या माणसाने सकाळी स्वतः मिळवून आणलेल्या हत्याराची गोळी झाडाच्या अलीकडे पडताना पाहिली, आणि जो धंद्याने शस्त्रविक्रेता होता, त्याला बंद खोलीत त्या हत्यारानिशी शिरताना काय वाटले असेल, हे साक्षीत नसले तरी आम्हांला तर्काने दिसते. धैर्य ही गोष्टही काही अंशी काडतुसावर अवलंबून असते.

म्हणजे त्या दिवशी गांधीजी वाचले, आणि देशाला दहा दिवस मिळाले. त्या दहा दिवसांचे काय झाले, याचा शोध न्यायमूर्ती कपूर आयोगाने घेतला. त्याचा अहवाल १९६९ साली पुरा झाला. मदनलाल जागीच पकडला गेला होता. रुईया महाविद्यालयातले हिंदीचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी २१ जानेवारीलाच मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून मदनलालने आपल्याला काय सांगितले होते ते कळवले. मदनलाल निर्वासित, आणि जैन यांनी त्याला पोटापाण्यासाठी आपली पुस्तके विकायला दिली होती. साहित्याच्या एका अध्यापकापाशी ही खबर होती आणि त्याने ती सांगितली, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंनी लक्षात ठेवावी अशी आहे. तरीही मुंबई, पुणे आणि दिल्ली येथल्या पोलिसांत ती वेळेवर जुळली नाही. यंत्रणेतही बार फुसके निघतात.

दरम्यान नथुराम आणि आपटे यांनी एक धडा घेतलेला दिसतो. माणसे कमी करायची, आणि हत्यार चालणारे मिळवायचे. मुंबईत मागणी करून ते मिळाले नाही. २७ जानेवारीला ते विमानाने दिल्लीला आणि तिथून ग्वाल्हेरला गेले. खटल्यातल्या साक्षीत तिथे आधी एक देशी बनावटीचे रिव्हॉल्व्हर अंगणात तपासून नापसंत केल्याचा उल्लेख आहे. या खेपेस वनरक्षक नव्हते, घाई असली तरी बदली हत्याराची वाट पाहण्याची तयारी होती. शेवटी हाती आले ते इटलीच्या बेरेटा कारखान्याचे १९३४ च्या नमुन्याचे पिस्तूल. इटालियन सैन्यासाठी केलेले हे छोटे हत्यार. नळीच्या वरची बाजू मोकळी सोडलेली, त्यामुळे रिकामी पुंगळी अडकायला जागा कमी. भाग मोजके, रचना साधी. नाशिकच्या बेतात तीन माणसे उभी करून जी खात्री विकत घेतली होती, ती येथे एका चांगल्या यंत्रात होती. ३० जानेवारी १९४८ रोजी संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी त्यातून तीन गोळ्या सुटल्या. कुठेही काही अडकले नाही.

या घटनेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ आहे, प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ हे नाटक आहे, आणि त्यांवरचे वाद आहेत. या साऱ्या चर्चेच्या मध्यभागी असते ते नथुरामने नोव्हेंबर १९४८ मध्ये लाल किल्ल्यातल्या न्यायालयात वाचलेले लांबलचक निवेदन. त्याची भाषा घडवलेली आहे, युक्तिवाद रचलेले आहेत, आणि वाचक त्याच्याशी सहमत असो वा संतप्त, तो त्या निवेदनाच्याच अंगणात उभा राहून बोलतो. आमचा आक्षेप या अंगणाला आहे. निवेदनात सर्व काही हेतूतून निघून परिणामाकडे सरळ जाते. तेलाची बाटली त्यात बसत नाही, झाडाच्या अलीकडे पडलेली गोळी बसत नाही, डोके दुखते म्हणून पडून राहिलेला माणूस बसत नाही. एका वृद्ध, नि:शस्त्र माणसाचा खून करण्यासाठी किती दिवस, किती दारे ठोठवावी लागली, हे बडगेच्या साक्षीत कळते. ती साक्ष वाङ्मयीन दृष्ट्या सामान्य आहे, आणि म्हणूनच तिच्यावर नाटक झाले नसावे.

बेरेटा आले कुठून, याच्या दोन कथा न्यायालयापुढे होत्या. दिल्लीत निर्वासितांच्या छावणीत ते आपण विकत घेतले, असे नथुराम सांगत राहिला. विशेष न्यायालयाने ग्वाल्हेरची कथा मानली आणि १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात डॉ. दत्तात्रय परचुरे यांना दोषी ठरवले. सावरकर याच निकालात निर्दोष सुटले. २१ जून १९४९ रोजी पंजाब उच्च न्यायालयाने परचुरे यांनाही मुक्त केले. त्यांचा कबुलीजबाब भरवशाचा मानला नाही. पिस्तुलावरचा क्रमांक ६०६८२४ हा खटल्याच्या कागदांत नोंदलेला आहे. ते नथुरामच्या हातात देणाऱ्या माणसाला मात्र त्यानंतर शिक्षा झाली नाही.